फाटकाचा अर्थ

“लेखक मेला आहे,” गूढार्थ सर फळ्यावर खडू आपटत म्हणाले, आणि नेमका त्याच वेळी लेखक वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

अंगात चुरगळलेला कोट, हातात हॅट, शेजारी बायको. मागून मुख्याध्यापिकाबाई. “हेच ते अमेरिकन लेखक, तुमच्या पुस्तकातली फाटकाची गोष्ट यांचीच. सासुरवाडीला आलेत, म्हटलं मुलांना जरा भेटा,” असं एका दमात सांगून त्यांनी पाहुण्यांना आत लोटलं आणि त्या निघून गेल्या.

सर गडबडले. मयताला खुर्ची द्यायची की नाही, हे त्यांच्या सिद्धान्तात कुठंच सांगितलेलं नव्हतं.

“बसा, बसा. राग मानू नका हं,” ते म्हणाले. “तुम्ही गेलात ते फक्त सिद्धान्तापुरते. गोष्ट लिहून झाली की लेखकाचं काम संपलं. अर्थ काय ते त्याला विचारायचं नाही, एवढंच.”

लेखकाची आपली भाषा बायकोकडून शिकलेली. त्यामुळे त्या भाषेत हुकूमच जास्त.

“चालू द्या! थांबू नका! पाय पुसा!” तो अदबीनं म्हणाला आणि बसला. बायको मागच्या बाकावर जाऊन टेकली.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. वर्ग तिला फिर्याद म्हणायचा. तिच्या हातात उत्तरपत्रिका होती. ‘मोडके फाटक कशाचे प्रतीक आहे?’ या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, ‘कशाचेही नाही. बिजागरी निसटली आहे.’ दहापैकी भोपळा मिळाला होता. आणि तो भोपळा तसाच राहिला, तर अख्खं वर्ष पुन्हा याच वर्गात, याच सरांपुढं, याच फाटकाशी काढायचं होतं.

“सर, लेखक आलेच आहेत, तर त्यांनाच विचारू?”

“विचार बापडी. ग्राह्य धरणार नाही.”

लेखकानं प्रश्न ऐकला, डोकं खाजवलं. “आधी सर काय म्हणतात ते सांगा.”

सरांना तेवढंच हवं होतं. फाटक म्हणजे एका अख्ख्या खंडाचा दुभंगलेला आत्मा, ते म्हणाले. एक फळी इतिहासाची, दुसरी भवितव्याची, आणि मधल्या फटीतून जो वारा येतो ना, ते मौन! त्या वाऱ्याचं सरांनी असं काही वर्णन केलं, की खिडकीजवळच्या मुलींनी स्वेटरची बटणं लावली, आणि फळ्याजवळचा नकाशा आपणहून गुंडाळला गेला.

लेखकाचे डोळे पाणावले. जन्मात कुणी त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं. त्याच्या गावच्या वर्तमानपत्रानं त्याला दीड ओळीत निकालात काढलं होतं.

“तेच!” तो छाती फुगवून म्हणाला. “दुभंगलेला आत्मा! त्या फटीचा तर मी फार, फार विचार केला!”

फिर्याद मटकन खाली बसली.

“आत्मा?” मागच्या बाकावरून बायको कडाडली. “अरे, पोरांसमोर तरी खरं बोल! बिजागरी निसटलीय हो आमच्या फाटकाची. लग्न झाल्यापासून सांगतेय, एक स्क्रू आण आणि लाव. तर हा आत बसून गोष्ट लिहितो! शेजारच्या गाई येऊन माझा कोबी फस्त करतात, आणि याचा आत्मा दुभंगतो!”

वर्ग बाक बडवायला लागला. फिर्याद टुणकन उठली. “सर! ऐकलंत?”

“गप्प बसा सगळे!” सर तसूभर हलले नाहीत. “जिथं लेखकाचंच चालत नाही, तिथं त्याच्या बायकोचं कसं चालेल? आमच्या शास्त्रात नातेवाईक घेत नाहीत.”

“मेलाय म्हणता तो हाच का?” बायकोनं विचारलं. “सकाळपासून किटलीभर चहा रिचवलाय त्यानं.”

फिर्याद मात्र विचारात पडली होती.

“म्हणजे सर, एकदा लिहून हातावेगळं केलं की लिहिणारा गेला?”

“गेला.”

“त्याच्या मनात काय होतं, ते बघायचं नाही?”

“मुळीच नाही. शाबास! आत्ता तुला कळलं.”

“मग हा प्रश्न कुणी लिहिला, सर?”

“मीच की,” सर अभिमानानं म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

“अरेरे,” मागून कुणीतरी हळहळलं.

वर्गाचा मॉनिटर कर्तव्याला चुकणारा नव्हता. असल्या प्रसंगी काय करायचं ते त्याला तोंडपाठ होतं. “सर्वांनी उभे राहा! सरांसाठी दोन मिनिटं शांतता!”

बाकं सरकली. लेखकानं हॅट छातीशी धरली. “तसे चांगले होते हो,” असं पुटपुटत बायकोनंही मान खाली घातली. आणि सर? असल्या हुकमाला उभ्या आयुष्यात त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. हात सरळ, मान खाली, डोळे मिटलेले. अगदी आदर्श.

टेबलावर लाल पेन बेवारस पडलं होतं. फिर्याद चवड्यांवर पुढं गेली. उत्तरपत्रिका ठेवली, भोपळ्यावर काट मारली. दहा लिहायला तिचा हात धजेना. अक्षर गिचमिड होतं, हे तिलाही दिसत होतं. त्याचे चार कापून तिनं सहा लिहिले.

सरांनी एक डोळा किंचित उघडला.

“सात कर,” ओठ न हलवता ते कुजबुजले. “अक्षराचे मी तीनच कापतो.”