चुलीशेजारचे रांजण

उत्खननाच्या खड्ड्यात, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीशेजारी, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे निजवलेले होते. आत तान्हं बाळ असणार, हे गिरणाला सांगावं लागलं नाही. याच घरातल्या अशाच रांजणांतल्या हाडापासून डॉ. टिपणीसांनी तिला प्रयोगशाळेत जन्माला घातलं होतं आणि इथल्या नदीचं नाव दिलं होतं. तिचं बालपण संग्रहालयात काचेमागे गेलं, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर.

"सख्खा भाऊ आहे तुझा," टिपणीस म्हणाले. "सुईनं काढलेला नमुना जुळलाय. तुला आपलं माणूस मिळेल."

"आईनं त्याला गावाबाहेर नाही पुरलं. चुलीजवळ ठेवलंय, हाताशी."

"अगं, तो जगेल."

"मीपण जगतेच आहे. मला कुणी विचारलं नव्हतं."

तिनं रांजणांवर माती परत लोटली, वर पाणी शिंपडलं आणि तळहातानं जमीन सारवून घेतली. मग तिथेच मांडी घालून बसली. टिपणीस चिडून खड्ड्यात उतरायला लागले.

"थांबा," ती म्हणाली. "आमच्या घरात यायचं तर आधी बूट काढा."