पुठ्ठ्याचं मागचं दार

शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये उभारलेल्या पुठ्ठ्याच्या दवाखान्यात शेरीफ ओकली पोटावर हात ठेवून बसला होता. त्याला दिवस गेले होते.

चिठ्ठीच तशी निघाली होती. नव्या दवाखान्याचा आराखडा मॅरिबेथ करत होती आणि तिची ही रीतच होती. विटांच्या भिंती उठायच्या आधी पुठ्ठ्याच्या उठवायच्या, खऱ्या मापाच्या, आणि गावानेच खोटंखोटं आजारी पडून त्यातून फिरून बघायचं. चिठ्ठ्या खाणीतल्या एका जुन्या हेल्मेटमध्ये होत्या. जी हाताला येईल, ते आपलं दुखणं. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या पाद्रीबुवांचं लिव्हर दारूने खराब झालेलं निघालं, तेव्हा त्यांच्या बायकोला हसू आवरेना.

व्हेस्टा कोम्ब्स मात्र हसली नाही. ती दवाखान्याच्या समितीवर होती आणि तिथे तिने एकच गोष्ट हट्टाने मागून घेतली होती, ती म्हणजे मागचं दार. दुखण्यावरच्या गोळ्यांची सवय सोडवणारं औषध ज्यांना रोज घ्यायचं, त्यांनी मागून यावं, मागून जावं, कुणाच्या नजरेला पडू नये. आमच्या डोंगरातली माणसं मानी. उपाशी राहतील, पण आपली चूल थंड आहे हे शेजाऱ्याला कळू देणार नाहीत. त्यामुळे समितीत कुणी हूं की चूं केलं नाही. मॅरिबेथला ते दार पटत नव्हतं, पण ती एवढंच म्हणाली की आधी चालून बघू, मग ठरवू.

दार कुणासाठी होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. व्हेस्टाचा मुलगा रँडल खाणीत छत कोसळून जायबंदी झाला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाठ सावरली आणि गोळ्या सुटेनात. आता तो रोज पहाटे डोंगर ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात औषधाला जायचा. तिकडे लाकडाच्या वखारीत लागलाय, असं व्हेस्टा सांगायची आणि लोक मान डोलवायचे. बर्फाने घाट बंद झाला की औषध चुकायचं आणि रँडल पुन्हा गोळ्यांकडे वळायचा. मागच्या हिवाळ्यात तर तो मरता मरता वाचला. औषध गावातच मिळणं हा त्याच्या जिवाचा प्रश्न होता.

आज तोही आला होता. भिंतीकडेच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

व्हेस्टाने हेल्मेटमध्ये हात घातला. चिठ्ठी वाचली, घडी घालून मुठीत धरली. मग पर्स उचलली, पुढच्या दारात न शिरता तशीच पुढे गेली आणि पुठ्ठ्याच्या भिंतीच्या कडेकडेने मागे चालू लागली.

कुठली चिठ्ठी निघाली ते तिला सांगावं लागलं नाही. त्या बाजूला जायचं कारण एकच होतं. शेरीफचं कण्हणं थांबलं. मक्याचा पाव कापणाऱ्या बायकांचे हात थांबले. सगळा हॉल तिच्या पाठीकडे बघत होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, तरी बघत होता. ही बाई जन्मभर ताठ मानेने चाललेली, पण अर्ध्या वाटेतच तिची मान खाली गेली. दाराशी पोचून तिने पुठ्ठ्याला हात लावला, पण ते दार तिला ढकलवेना.

रँडल उठला आणि लंगडत तिच्याजवळ गेला. तो हळूच बोलला, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, या दारातनं मी नाही येणार. बर्फ पडलं तरी डोंगरच ओलांडीन."

"तुझ्यासाठीच मागून घेतलं रे. तुला कुणी बघू नये म्हणून."

"मला कुणी बघू नये असं मी काय केलंय? मी बरा होतोय."

व्हेस्टाला त्याचा अभिमान वाटला. इतके दिवस हा अभिमान कुठे गेला होता कुणास ठाऊक, पण आता चारचौघांत तिचा ऊर भरून आला आणि तिने ते लपवलं नाही. तिने रँडलचा दंड धरला. दोघं आल्या वाटेने परत फिरली, त्याच्या लंगड्या पायाला जमेल तशी, आणि पुढच्या दारातून आत शिरली.

खोक्याच्या टेबलामागे शाळेतल्या ग्लेंडाबाई बसल्या होत्या. आल्यागेल्या प्रत्येकाला विचारत होत्या तसंच त्यांनी विचारलं, काय काम होतं?

"मुलाचं औषध घ्यायला आलोय," व्हेस्टा म्हणाली. "रोजचं. रँडल कोम्ब्स नाव आहे त्याचं."

ग्लेंडाबाईंनी खुर्च्यांकडे हात केला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नाही. मॅरिबेथ चिकटपट्टीचं रीळ घेऊन मागे गेली. पट्टी ओढल्याचा कर्रकर्र आवाज हॉलभर ऐकू आला, आणि मागचं दार बंद झालं.

शेरीफ ओकलीने पाय आवरून शेजारच्या दोन खुर्च्या मोकळ्या केल्या.

"बसा मावशी. पण नंबर माझा आधी आहे हं. कळा सुरू झाल्यात मला."

"असू दे की. आम्ही थांबतो," व्हेस्टा म्हणाली, आणि पर्स मांडीवर घेऊन मुलाच्या शेजारी, सगळ्या हॉलला दिसेल अशी, ताठ बसली.