पत्राची पहिली ओळ

"लिही," कुंदाबाई म्हणाल्या. "प्रिय जीवराम यास, देवाकडून तुला कृपा आणि शांती."

सारिकाने मांडीवर पोळपाट उपडा घेतला होता. त्यावर निळं अंतर्देशीय पत्र. ती शेजारच्या प्रेमराजची बायको, एरंडोलकडच्या शेतकरी घरातून देवपुरात आलेली. कुंदाबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. पट्टी निघाली होती, पण लिहायला-वाचायला अजून बंदी होती. म्हणून पेन सारिकाच्या हातात.

ती लिहिता लिहिता थांबली.

"मावशी, भांडण करानं शे ना? मंग त्याले शांती कसाले देतस?"

"ती माझी नाही. मी फक्त पोचवते," कुंदाबाई म्हणाल्या. "माझं पुढे येतंय."

पुढे काय येणार हे सारिकाला माहीत होतं. कुंदाबाईंची थोरली बहीण, अक्का, गेल्या महिन्यात भडगावला वारली. कुंदाबाई मिळेल त्या एसटीने निघाल्या आणि पोचल्या तेव्हा अक्काच्या मातीवर फुलंसुद्धा वाहून झाली होती. धाकट्या भावाने, जीवरामने, तासभर वाट पाहिली नव्हती. त्यानंतर त्याचे चार फोन येऊन गेले, कुंदाबाईंनी एकही घेतला नाही. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. त्यांना हे कागदावर हवं होतं. शेवटचं वाक्य तर सकाळपासून तयार होतं. मी गेले की माझ्या मातीला येऊ नकोस.

पण त्याआधी एक ओळ होती. कुंदाबाईंचे वडील उपदेशक. गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना ते पत्रं लिहायचे, आणि बायबलातल्या प्रेषितासारखीच सुरुवात करायचे. त्या प्रेषितालाही एकदा फार रागावून लिहायचं होतं. तरी त्याने नमस्कारातच आधी देवाला गौरव दिलं, आमेन म्हटलं, आणि मग रागावला. वडील ती ओळ लिहून झाली की टाक खाली ठेवत. टोपी काढून उभे राहत आणि आमेन मोठ्याने म्हणत. घरात जो असेल तो उभा राही. चुलीपाशी बसलेली आईसुद्धा. मग बसून पुढचं लिहीत.

"लिही. त्या देवाला युगानुयुग गौरव असो. आमेन."

सारिकाने लिहिलं. कुंदाबाई खिडकीचा गज धरून उठल्या. गुडघा कुरकुरला. "आमेन," त्या मोठ्याने म्हणाल्या.

त्यांना लगेच बसायचं होतं. पण खिडकीबाहेर पांझरेच्या पात्रात ऊन पडलं होतं, आणि कितीतरी वर्षांनी ते पिवळट नव्हतं. पांढरं होतं. वाळूवर कोणीतरी लुगडी वाळत घातली होती, त्यातलं एक लाल होतं. लाल इतकं लाल असतं हे त्या विसरून गेल्या होत्या. वर आभाळ होतं, आणि ते कुठेच संपत नव्हतं. युगानुयुग हा शब्द त्यांनी आयुष्यभर म्हटला होता. तो एवढा मोठा आहे हे आज पहिल्यांदा दिसत होतं. त्यात बाबा होते. टोपी हातात घेऊन उभे. अक्काही होती. कोणाची गाडी चुकली नव्हती.

त्यांनी गज घट्ट धरला. डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते आलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे कागदाची घडी घातल्याचा आवाज झाला. कुंदाबाई वळल्या तेव्हा सारिका पत्राच्या डिंकाच्या कडेवरून ओलं बोट फिरवून ती अंगठ्याने दाबत होती.

"हे काय केलंस? अजून सुरुवातच आहे."

सारिका गोंधळली. दर रविवारी मागच्या चर्चमधून तिच्या ओट्यापर्यंत आवाज यायचा. आमेन झालं की खुर्च्या सरकायच्या आणि माणसं घरी जायची.

"तुम्ही आमेन म्हटलं ना, मावशी. मला वाटलं, सरलं." मग घाईने म्हणाली, "डिंक ओला शे. आत्ता उकलस."

तिने नख कडेखाली घातलं. कुंदाबाईंनी हात पुढे करून पत्र घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. निळा रंगही नवा होता. आत तीन ओळी होत्या आणि बाकी सगळा कागद कोरा. जीवराम तो उघडणार, उभा राहून आमेन म्हणणार, कारण तोही त्याच घरातला. मग चष्मा सारखा करून बहिणीचा राग शोधणार. पान उलटणार. पुन्हा उलटणार.

"उकलू का?" सारिकाने विचारलं.

सकाळपासून तोंडपाठ केलेलं ते वाक्य कुंदाबाईंनी मनात एकदा म्हणून पाहिलं. बाहेर ऊन तसंच होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यापुढे काय लिहू आता?"

त्यांनी पत्र तिच्या हाती दिलं, पण त्या स्वतः खाली बसल्या नाहीत. गज धरून तशाच उभ्या राहिल्या, तोंड नदीकडे.

सारिकाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मांडीवरचा पोळपाट हळूच बाजूला ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि उठली. भडगावचा पत्ता तिने खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून उभ्यानेच लिहिला.