कोणी, कोणावर

प्लास्टरच्या खोलीबाहेर, बाकावर बसून सरांनी बहिणीला फोन लावला आणि म्हणाले, "आप्पांना धक्का लागला गं. पडले. मनगट मोडलंय."

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानात शिरलं. असं वाक्य एखाद्या पोरानं पेपरात लिहिलं असतं, तर सरांनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात विचारलं असतं: कोणी? कोणावर? बल आभाळातून टपकत नाही. ते कोणीतरी कोणावर तरी लावतं. फिजिक्सच्या वर्गात त्यांनी उभ्या हयातीत नेटानं शिकवलं ते एवढंच. बाकीचं पुस्तकात होतंच. कर्ता गाळला की अर्धा मार्क गेला. पोरांनी त्यांचं नाव 'कोणीकोणावर' ठेवलं होतं. ते सरांना ठाऊक होतं, आणि सरांना ठाऊक आहे हे पोरांना ठाऊक होतं.

आप्पा, सरांचे वडील, शेजारी बसले होते. मोडका हात त्यांनी धड हातावर घेतला होता, कुणीतरी घटकाभर सांभाळायला दिलेल्या तान्ह्या पोरासारखा.

"येतेय का ती?"

"संध्याकाळी."

"सांगितलंस ते बरं सांगितलंस. आणखी खोलात शिरू नकोस. नाहीतर मला उचलून घेऊन जाईल तिच्याकडे. चौथा मजला, आणि लिफ्ट कायम आजारी."

सरांना हसू आलं नाही. आप्पांनी ते हसण्यासाठीच म्हटलं होतं, हे कळल्यामुळे तर अजिबातच आलं नाही.

सकाळी झालं होतं ते असं. आप्पा घराच्या दारात उभे राहून चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता. सरांचा पहिला तास होता, आणि घड्याळ पुढे पळत होतं. "सरका हो आप्पा," असं म्हणून त्यांनी आप्पांना बाजूला केलं. धक्का दिला नाही, बाजूला केलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत त्यांचं यावर ठाम मत होतं. मग मागे फरशीवर आवाज झाला. त्या तासाला ते 'आवेग' शिकवणार होते.

आत प्लास्टर घालणारी डॉक्टर त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. सरांचे विद्यार्थी कुठेही निघत. बँकेत, दवाखान्यात, एकदा तर सिग्नल तोडल्यावर शिट्टीमागून. आणि निघाले की आधी आपल्या गेलेल्या अर्ध्या मार्काची आठवण काढत.

"कसे काय पडलात, आजोबा?" ओली पट्टी गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं.

"धक्का लागला."

"कोणाचा?" ती हसली. "आमच्या सरांसमोर असं मोघम बोलायची सोय नाही. अर्धा मार्क गेला तुमचा."

सर भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे बघू लागले. तिथेही कुणीतरी दात काढून हसत होतं.

"दाराचा," आप्पा म्हणाले.

"दार आपणहून कसं धक्का देईल?"

"आमचं दार जरा तापट आहे. तसं मनानं वाईट नाही."

ती पुन्हा हसली. मग सरांकडे वळून म्हणाली, "फरशी नडली, सर. गादीवर पडले असते तर निभावलं असतं. संवेग तेवढाच, पण थांबायला जरा वेळ मिळाला असता. तुम्ही नाही का आम्हाला चादर धरायला लावून त्यावर अंडं फेकायचात? कितीही जोरात फेका, फुटायचं नाही."

"एकदा फुटलं होतं."

"ते चादर सुटली म्हणून."

"सुटली नाही," सर म्हणाले. "कुणीतरी सोडली."

पट्टीचा आणखी एक वेढा बसला. खोलीत ओल्या चुन्यासारखा वास होता. आप्पांच्या बोटांची टोकं तेवढी बाहेर उरली होती.

"मी दिला," सर म्हणाले.

"काय, सर?"

"धक्का. आप्पांना. मी दिला."

तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तिचा चेहरा खुलला. "वा, आता पूर्ण मार्क. आजोबा, सर अगदी तस्सेच आहेत हो. प्रत्येक उदाहरणात स्वतःलाच घालायचे. समजा, मी या टेबलाला ढकललं. समजा, मी बसमधून पडलो."

"घरीही तेच चालतं," आप्पा म्हणाले.

सरांनी पुन्हा तोंड उघडलं. हे उदाहरण नाही, एवढंच सांगायचं होतं. पण आप्पांनी चांगला हात जरासा वर केला. वर्गात कुणी शंका विचारायला करतो तसा नाही. कुणाला गप्प करायला करतात तसा.

"तास संपला रे," ते म्हणाले.

डॉक्टरनं हात गळ्यात अडकवून दिला, प्लास्टर पूर्ण वाळेपर्यंत जपायला सांगितलं आणि 'पुढचे' म्हणून हाक मारली. आप्पा निघाले. सर एक्स-रेचं पाकीट आणि गोळ्या गोळा करून मागोमाग आले, उशीर झालेला नसतानाही भरभर. त्यांच्या बुटांचा आवाज फरशीवर जवळ येत गेला.

आप्पा दाराशी पोचले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते आपणहून बाजूला झाले, पाठ भिंतीला टेकवली, आणि प्लास्टरचा हात छातीशी घट्ट ओढून घेतला.

"जा," ते म्हणाले. "तू हो पुढे."

सर जागच्या जागी थांबले. दार सताड उघडं होतं. त्यातून स्ट्रेचर आरामात जात असे.