तोंडी परीक्षेचं प्रशिक्षण

विद्यापीठ आधुनिक करायचं म्हणून तोंडी परीक्षा बंद झाली, तेव्हा विरोध करणाऱ्या प्राध्यापक ओर्नेला बाईंचं कुणी ऐकलं नव्हतं. दहा वर्षांनी रोमहून नवं धोरण आलं: विद्यार्थी यंत्राकडून उत्तरं लिहून घेतात, तेव्हा परीक्षा पुन्हा तोंडी घ्या.

"पण बाई, त्याआधी तुम्हाला तोंडी परीक्षा घेण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल," कारकून फाउस्तो चाचरत म्हणाला.

"अरे, इतकी वर्षं मी काय माशा मारत होते? तुझी परीक्षा कुणी घेतली होती?"

"तुम्हीच. दोनदा नापास केलंत."

उसासा टाकून बाई तीन दिवस मुकाट प्रशिक्षणाला बसल्या.



चौथ्या दिवशी त्यांची परीक्षा झाली. संगणकावर, चार पर्यायांतला एक निवडायचा. बाई नापास झाल्या.