आठवी मीटिंग

सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि कागद बब्रुवानपुढं आला. पेनाचं टोपण निघालं, पण हात काय पुढं सरकंना.

बब्रुवानचं येरमाळ्याला हायवेवर पंक्चरचं दुकान. शाळा सातवीपर्यंत. आणि असा गडी धाराशिवला विद्यापीठाच्या समितीवर! सरकारी पैशातून माणसांवर काही संशोधन करायचं म्हणलं, की आधी ह्या समितीनं होकार द्यायचा, मगच पुढं पाऊल टाकायचं, असा नियम. समितीच्या अध्यक्ष चंद्रप्रभाबाई, जुन्या मास्तरीण. एकदा त्यांची गाडी बब्रुवानच्या दुकानापुढं बसली. चाक निघून परत चढंपर्यंत दोघांच्या लई गप्पा झाल्या आणि महिन्याभरात समितीवर घेतल्याचं पत्र घरी आलं. तेव्हापास्नं गाव त्याला 'कमिटीवाले' म्हणतंय. बायको तुळजाबाई तर मीटिंगच्या दिवशी सदऱ्याला कडक इस्त्री करून देई आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणे, "आवो, स्टँडवर उगं कुनासंगं बी गप्पा हाणत बसू नका. शिकल्याली मान्सं वाट बघत्यात तुमची."

आणि खरी गोष्ट काय? सात मीटिंगा झाल्या, बब्रुवानला ओ की ठो कळलं नव्हतं. डॉक्टर शंभुलिंगांनी मान हलवली की ह्यानं हलवायची. वकीलसाहेबांनी सही केली की ह्यानं ठोकायची. चहा-चिवडा झाला की येरमाळ्याची एसटी धरायची. धास्ती एकच. एखाद्या दिवशी कुणी विचारलं, "बब्रुवानराव, तुमचं काय मत?" तर? बिंग फुटलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

आजचा कागद होता श्रियाचा. नव्या दमाची पोरगी, समोरच बसलेली. ढोकीकडं ऊस तोडायला येणाऱ्या बायांचं रक्त तपासून अभ्यास करायचा होता तिला. त्या बाया बब्रुवानच्या ओळखीच्या. टोळीचं ट्रॅक्टर पंक्चर झालं की त्याच्याच दुकानाच्या सावलीला बसायच्या. आणि त्या बायांपुढं ठेवायचा कागद म्हणत होता, 'सहभागी व्यक्तीस आपली संमती कोणत्याही टप्प्यावर प्रत्याहृत करण्याची मुभा राहील. संमती गटप्रमुखाच्या सहकार्याने घेण्यात येईल.'

बब्रुवाननं टोपण परत पेनाला लावलं.

"मला कळलं न्हाय," तो म्हणाला.

 

"कुठलं वाक्य?" डॉक्टरांनी विचारलं.

"वरनं खालपत्तोर."

श्रियाचं तोंड एवढंसं झालं. पुढची मीटिंग दोन महिन्यांनी, तोवर टोळ्या गावाला निघून जाणार. तरी ती म्हणाली, "काका, म्हणजे बाईला मधेच नको वाटलं तर ती उठून जाऊ शकते. का म्हणून कुणी विचारायचं नाही."

"मंग आसंच लिव की पोरी! आन्‌ ह्यो गटप्रमुख कोन?"

"टोळीचा मुकादम."

बब्रुवान मोठ्यांदा हसला. "मंग बसा! मुकादम म्हनंल 'लावा गं आंगटं', की टोळीच्या टोळी आंगटं लावून मोकळी. त्येला न्हाय कोन म्हननार? त्येनंच तर कामाला आनलंय त्यास्नी. ट्यूब पान्यात बुडवल्याबिगर हवा कुठनं जाती ते दिसत न्हाय, पोरी. मुकादमाला लांब बसीव, आन्‌ एकेकीला निराळं घिऊन इचार."

वकीलसाहेबांनी सही केलेला कागद हळूच मागं ओढला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. श्रियानं त्यांच्याकडून कागद घेतला, दोन्ही वाक्यं खोडली, वर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "नको वाटलं तर कधीही उठून जा. कुणी विचारणार नाही. मुकादमाला विचारायची गरज नाही."

"आता कळलं," बब्रुवान म्हणाला आणि झोकात सही केली.

पण एकदा तोंड उघडलं ते आता मिटंना. तो उठून उभा राहिला.

"बाई, एक सांगतो. ह्येच्या आधीच्या साती मीटिंगांत मला काय बी कळलं नव्हतं. उगं मुंडी हलवत हुतो. तुमास्नी फशिवलं म्या. माझं नाव काढा आन्‌ कुनीतरी शिकल्याला मानूस बसवा हितं."

चंद्रप्रभाबाईंनी नियमांची पुस्तिका त्याच्यापुढं सरकवली. एका ओळीवर बोट ठेवलं. बब्रुवाननं तिथं आपलं बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. समितीत एक सदस्य सर्वसामान्य लोकांपैकी असावा. त्याला ह्या शास्त्रातलं शिक्षण नसावं.

त्यानं ते परत एकदा वाचलं.

"म्हंजी... मला ह्यातलं येत न्हाय, म्हनून घ्येतलं मला?"

"तर काय! औषधाचं डॉक्टर बघतात, कायद्याचं वकील बघतात. 'कळलं नाही' म्हणायचं काम तेवढं तुमचं," बाई म्हणाल्या आणि त्याची खुर्ची पुढं ओढली. "सात मीटिंगा तुम्ही नुसते येऊन गेलात, बब्रुवानराव. हजर आज झालात."