मोरपीस प्रकल्प

"फायदे आधी सांगू की तोटे?" लॅपटॉपवरून नजर न उचलता त्याने विचारलं.

जेवणाच्या टेबलापलीकडे मेहुणा पाय हलवत बसला होता. त्याला एका बड्या कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरी चालून आली होती आणि दाजी त्याच धंद्यात मुरलेले.

"फायदे सांगा, दाजी. तोटे ताईकडून रोज ऐकतो."

"पगार चांगला. विमानं, हॉटेलं. आज दवाखाना, उद्या सिमेंटचा कारखाना, शिकायला भरपूर. जन्मभर राबलेल्या माणसाला चार दिवसांत त्याचाच धंदा शिकवायला लागतोस."

"आणि तोटे?"

"तो खरंच ऐकतो."

मेहुणा खो खो हसला. त्याला स्वतःला मात्र हसू आलं नाही.

समोरच्या फाइलचं नाव होतं 'मोरपीस'. गिऱ्हाइकाचं नाव घरात काढायचं नाही, असा फर्मचा नियम. म्हणून प्रत्येक कामाला असं एखादं गोंडस टोपणनाव. हे मोरपीस म्हणजे एक विमा कंपनी होती आणि तिच्याच तक्रार विभागात त्याची बायको काम करत होती. पहिल्याच दिवशी हे साहेबांच्या कानावर घालायला हवं होतं. पण घातलं असतं तर काम हातचं गेलं असतं, आणि त्यामागोमाग तोंडाशी आलेली फर्ममधली भागीदारीही. तो मूग गिळून बसला. आता प्रकरण गळ्याशी आलं होतं.

कंपनीला एक विभाग बंद करायचा होता, तक्रार किंवा प्रशिक्षण. दोन्ही पारडी सारखीच होती. त्याच्या टीमने तक्रार विभागावर फुली मारली होती. शेवटचा शब्द त्याचा होता आणि फाइल आज संध्याकाळीच जायची होती.

त्यात बायकोला कुणकुण लागल्याची धास्ती. हल्ली तो खोलीत आला की ती फोन पालथा घालायची. परवा तर आरशासमोर उभी राहून करड्या आवाजात म्हणत होती, "आधी मला सांगा, तुम्हाला नेमकं काय कळलं नाही?" तो दारातूनच मागे फिरला होता. भांडणाची तालीम चालली आहे, याबद्दल त्याला शंकाच उरली नव्हती.

"तुझी ताई काही बोलली का? तिच्या कामाबद्दल?" त्याने चाचपून विचारलं.

मेहुणा हातातला चमचा निरखू लागला. "मला तोंड उघडायची बंदी आहे."

म्हणजे कळलंय तर! तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा उठला. प्रशिक्षण विभागातही कुणाच्या बायका होत्या, कुणाचे नवरे होते. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण ती माणसं त्याच्या घरात राहत नव्हती.

त्याने 'तक्रार' खोडून 'प्रशिक्षण' केलं, चार वाक्यं इकडची तिकडे केली आणि फाइल धाडून दिली.

कंपनीच्या प्रमुखांचं उत्तर लगोलग आलं. "मान्य. संचालकांना कळवलं. आता यात बदल नाही."

कित्येक आठवड्यांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. आता तिने खुशाल भांडावं.

दारात किल्ली फिरली. बायको आत आली ती केकचा खोका नाचवतच.

"सुटलो!" मेहुणा ओरडला. "आता तूच सांग बाई, माझ्या पोटात दुखायला लागलंय."

"कधीची लपवतेय तुझ्यापासून," ती नवऱ्याला म्हणाली. "होईल की नाही, भरवसा नव्हता. तूच म्हणायचास ना, दोघांपैकी एकाने तरी संध्याकाळी वेळेवर घरी यावं? आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन जीवही विटला होता. साहेबांच्या मागेच लागले होते. आज बदलीला होकार मिळाला."

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती थबकली. मग हसली, कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली आणि करडा आवाज काढून म्हणाली, "सोमवारपासून मी प्रशिक्षण विभागात. आधी मला सांगा, तुम्हाला नेमकं काय कळलं नाही?"